आजोबांच्या गुऱ्हाळाचं गंजलेलं लोखंड : कामाच्या नोंदी

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

दिवाळी झाली, पाहुणे गेले, आज शेवटी नदीकडच्या रानातलं शेड उघडलं. कुलूप गंजून इतकं घट्ट बसलेलं की कडी-कोयंडाच कापायला लागला. आत आजोबांचं गुऱ्हाळ, म्हणजे गुऱ्हाळातलं जे काही राहिलंय ते. उसाचा चरक, एक काहील (उसाचा रस उकळायची मोठी कढई), बंद पडलेलं इंजिन, बैलगाडीच्या चाकांच्या दोन धावा (चाकावरच्या लोखंडी पट्ट्या), लोखंडी नांगर, मोटारीचे पाईप, पत्रे, काटेरी तार आणि कोपऱ्यात नट-बोल्टांचा एक ढीग जो आता ढीग राहिला नाही, सगळा एकमेकांना चिकटून एकच गोळा झालाय.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरची पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती (धोक्याची पातळी ४३ फूट), तेव्हा हे शेड आठ-नऊ दिवस पाण्यात होतं, आणि २०२१ च्या जुलैमध्ये परत. पाणी ओसरल्यावर गाळ काढला पण लोखंड कुणी पुसलं नाही. गाळ ओला राहतो, ओलावा धरून ठेवतो आणि हवा तर असतेच, गंजाला अजून काय पाहिजे. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा खातो, फुगतो, पापुद्रा निघतो, खालचं नवीन लोखंड उघडं पडतं आणि परत तेच सुरू. तांब्या-पितळेवर जो थर चढतो तो आतल्या धातूला बऱ्यापैकी राखतो, लोखंडाचं तसं नाही.

आबा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "भंगारवाल्याला फोन कर, एका ट्रॉलीत सगळं जाईल." मी म्हटलं आबा मला तीन महिने द्या. आजोबांनी चाळीस वर्षं ज्या चरकावर घर चालवलं तो असा न बघता काट्यावर टाकायचा नाहीये मला. काय राखायचं, काय लोहाराकडे, काय भट्टीत, काय भंगारात, हे एकेक वस्तू हातात घेऊन ठरवणार. म्हणून ही वही.

१७ नोव्हेंबर, रविवार

आज दिवसभर फक्त वर्गवारी. मला वाटतं या सगळ्या कामात सर्वात महत्त्वाचा दिवस हाच होता आणि लोक नेमका हाच सोडतात.

पहिलं हत्यार लोहचुंबक. जुन्या स्पीकरचा काढून दोरीला बांधला. चिकटलं तर लोखंड-पोलाद, नाही चिकटलं तर बघायचं काय आहे. पंपाचा शाफ्ट चिकटला नाही, तो स्टेनलेस निघाला. चरकाच्या बेअरिंगमधले बुश गंजाच्या थराखाली होते, ते लालसर पिवळे, गनमेटलचे (तांबं-कथलाचा मिश्रधातू). हे सगळं "लोखंड" म्हणून गेलं असतं तर कितीला गेलं असतं याचा हिशोब करवत नाही.

मग लोखंडातलं लोखंड. बीड (ओतीव लोखंड) कुठलं, साधं माइल्ड स्टील कुठलं, कडक पोलाद कुठलं. यासाठी ग्राइंडर लावून ठिणगी बघायची. साध्या स्टीलची ठिणगी लांब, पिवळी, सरळ रेघ. बिडाची आखूड, तांबूस, चाकाजवळच विझणारी. जास्त कार्बनच्या पोलादाची ठिणगी वाटेतच फुटते, फुलबाजीसारखे फाटे फुटतात. गाडीचे जुने पाटे (स्प्रिंगचे) लावून बघितले तर अक्षरशः दिवाळी, परवाच संपलेली. संध्याकाळी अंधार पडल्यावर हे जास्त छान दिसतं, उन्हात काही कळत नाही, म्हणून मी पहिला अर्धा दिवस वाया घालवला.

बीड ओळखायची दुसरी खूण म्हणजे तुटलेली कड. आत करडी, दाणेदार. हातोडीने मारलं तर वाकत नाही, तुटतं. चरकाची अंगाची चौकट पूर्ण बिडाची आहे आणि तिला आरपार तडा गेलाय, म्हणजे चरक परत उभा राहणार नाही हे आज नक्की झालं. थोडा वेळ तिथेच बसलो.

खडूने खुणा केल्या. बी म्हणजे बीड, सा म्हणजे साधं, पो म्हणजे पोलाद, आणि फुली म्हणजे हात लावायचा नाही.

फुलीवाल्या वस्तू कुठल्या ते लिहून ठेवतो कारण हे जिवाशी आहे. ट्रॅक्टरचे दोन जुने शॉकॲब्सॉर्बर, एक बंद टोकांचा पाईप, औषधाचा एक बंद डबा. बंद पोकळ वस्तू भट्टीत गेली की आतली हवा, तेल, पाणी यांना बाहेर पडायला वाट नसते. आणि पाण्याचा एक थेंब जरी वितळलेल्या लोखंडाखाली सापडला तर त्याची वाफ मूळ पाण्याच्या जवळजवळ १६००-१७०० पट जागा मागते, एका क्षणात. वितळलेल्या लोखंडाचा रस भट्टीबाहेर उडतो. फौंड्रीतले (ओतकामाच्या कारखान्यातले) लोक ओल्या आणि बंद भंगाराला विस्तवापेक्षा जास्त घाबरतात ते उगाच नाही. तर भंगार देताना बंद पाईप दोन्हीकडून उघडा करून द्या, निदान वेगळा काढून सांगून तरी द्या.

१८ नोव्हेंबर

छोटी नोंद. पत्रे कापायला गॅस कटरवाल्या पोराला बोलवलेलं. मी दुपारी पोचेपर्यंत त्याने सहा पत्रे कापून पण टाकलेले, पांढरा धूर, रात्री त्याला थंडी वाजून ताप. पत्र्यावर जस्त असतं, जस्त ९०७ अंशाला उकळतं, कटरची ज्योत त्याच्या कितीतरी पुढे, आणि त्या धुराने असा ताप येतो. सकाळपर्यंत उतरला, डॉक्टरांना दाखवून आणलं. ही चूक माझी, त्याला आधी सांगायला हवं होतं. उरलेले पत्रे हाताच्या कात्रीने कापले, वेळ तिप्पट लागला, लागू दे.

२४ नोव्हेंबर, रविवार

पहिली खेप गेली. भंगारवाले चाचा टेम्पो घेऊन आले, आबांना पंचवीस वर्षांपासून ओळखतात. वेगवेगळे ढीग बघून म्हणाले, "असं निवडून कोण देत नाही ओ, आमची पोरं दोन दिवस हेच करत बसतात." साधं लोखंड, पत्रा, तार, बुश, शाफ्ट सगळं वेगळं काट्यावर. साधं लोखंड ४१० किलो भरलं. पत्र्याला भाव कमी मिळतो कारण पातळ, गंज जास्त, वर जस्त, वितळवताना घट जास्त. जळालेली मोटार तशीच आख्खी दिली. तांब्याची वायर काढायला तिचं आवरण जाळतात ते मी केलं नाही आणि चाचांना पण सांगितलं की जाळू नका, तो धूर फार वाईट.

चाचांना विचारलं हे इथून पुढे कुठे जातं. बीड इथल्याच फौंड्र्यांत, कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या. साधं लोखंड मोठ्या व्यापाऱ्याकडून कधी जालन्याकडे, तिथे विजेच्या इंडक्शन भट्ट्यांत वितळून घरबांधणीच्या सळ्या होतात. म्हणजे आमच्या मोटारीचा पाईप कुणाच्या तरी स्लॅबमध्ये जाऊन बसणार. केंद्र सरकारच्या २०१९ च्या भंगार धोरणात आकडा दिलाय की एक टन भंगार वापरलं की १.१ टन खनिज, ६३० किलो कोकिंग कोळसा आणि ५५ किलो चुनखडी वाचते. त्या हिशोबाने आमच्या ४१० किलोंनी साडेचारशे किलो खनिज डोंगरातच राहिलं. एका शेडातलं. प्रत्येक गावात अशी किती शेडं असतील.

१ डिसेंबर, रविवार

नांगर. हा राखायचाच.

किर्लोस्करांचा आहे, ओतीव अक्षरं गंजाखाली बोटाला लागतात. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये लोखंडी नांगर केला तेव्हा लोक घेत नव्हते, लोखंडाने जमीन नासेल असं वाटायचं. मग १९१० ला औंध संस्थानात किर्लोस्करवाडी. आणि पहिल्या महायुद्धात बीड मिळेना तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवायला दिल्या आणि त्याचे नांगर झाले असं सांगतात. लहानपणी आजोबा हे सांगायचे तेव्हा मी फक्त तोफांचं ऐकायचो. आता वाटतं की आमच्या भागात भंगाराचं सोनं करायची सवय शंभर वर्षांची आहे.

गंज काढायला बॅटरी चार्जरची पद्धत लावली. मोठं प्लॅस्टिकचं पिंप, १०० लिटर पाणी, त्यात धुण्याचा सोडा साधारण अर्धा किलो. नांगराचे भाग सुटे करून (चार बोल्टांना गॅसने तापवून घ्यावं लागलं, नट लाल झाल्यावर सुटले) तारेने टांगले आणि चार्जरची निगेटिव्ह त्यांना. पॉझिटिव्हला सळईचे तुकडे पिंपाच्या कडेने चारी बाजूंनी. हे उलटं झालं तर नांगरच खाल्ला जातो, सळई नाही, त्यामुळे दोनदा बघून मग बटण दाबलं. चार्जर जुना साधा १२ व्होल्टचा हवा, नवीन ऑटोमॅटिकवाले बॅटरी नाही म्हणून सुरूच होत नाहीत.

सळईच्या जागी स्टेनलेस अजिबात लावायचं नाही. त्यातलं क्रोमियम पाण्यात उतरतं, विषारी रूपात. आणि हायड्रोजन सुटतो, म्हणून पिंप उघड्यावर, बिडी-काडी लांब. आबांना तेवढं दोनदा सांगितलं.

३ डिसेंबर

दोन रात्रींनी काढला. लाल गंज जाऊन काळा मऊ थर, तारेच्या ब्रशने धुतल्यावर खाली करडं स्वच्छ लोखंड. अक्षरं वाचता येतात!! लगेच फडक्याने पुसून गरम केला, नाहीतर दहा मिनिटांत परत नारिंगी झाक येते, एका फाळावर आलीच. मग जवसाच्या तेलाचा पातळ हात. आई येऊन बघून गेली, काही बोलली नाही, पदराने मुठीवरचा एक डाग पुसला.

२२ डिसेंबर, रविवार

चरकाचे दोन दातेरी चक्र आणि इंजिनाचं फ्लायव्हील. यांच्या खाचाखोचांत चार्जरची पद्धत नीट पोचत नाही, ती समोरासमोरच्या भागावरच चांगली चालते. म्हणून मळी (साखर काढल्यावर उरणारा काळा पाक). हो, उसाचीच, पशुखाद्यासाठी मिळते ती. एक भाग मळी नऊ भाग पाणी, पिंपात बुडवून ठेवायचं, वीज नाही काही नाही, फक्त वेळ. मळीतले घटक गंजातलं लोखंड धरून पाण्यात ओढतात आणि चांगल्या लोखंडाला फारसा त्रास देत नाहीत. ॲल्युमिनिअम मात्र टाकायचं नाही, खराब होतं.

ज्या घरात चार पिढ्या ऊस झाला त्या घरातलं लोखंड उसाच्या मळीने स्वच्छ होतंय, मला याचा फार आनंद झाला, कुणाला सांगू कळेना म्हणून इथे लिहिलं.

झाकण घट्ट ठेवायचं. मुंग्या, चिलटं, आणि आठवड्याने आंबून वास.

१२ जानेवारी २०२५, रविवार

एकवीस दिवसांनी पिंप उघडलं. वर बुरशीची साय, वास सहन होत नव्हता, पण चक्र बाहेर काढून पाण्याचा जोरदार फवारा मारला आणि दातांच्या मुळापर्यंत स्वच्छ. फ्लायव्हीलला अजून आठवडा लागेल.

सगळे पाटे गावातल्या लोहारदादांकडे दिले. त्यांनी एक पाटा ऐरणीवर आपटून आवाज ऐकला आणि म्हणाले, "ह्याचा कोयता होतोय बघ, ऊसतोडीला. बाजारातलं नवं पोलाद असलं मिळत न्हाई." मोबदल्यात दोन खुरपी आणि एक विळा. पैसे घेतले नाहीत, मी पण दिले नाहीत, पूर्वी बलुत्यात चालायचं तसं काहीतरी. बैलगाडीच्या धावा त्यांनाच ठेवून घ्या म्हटलं, त्यातल्या एकीवर त्यांच्याच वडिलांनी जोड मारलेला आहे असं त्यांनी दाखवलं, आडवी पुसट रेघ. मला ती कधी दिसली नव्हती.

२५ जानेवारी, शनिवार

आता मुख्य गोष्ट. चरकाची तडा गेलेली बिडाची चौकट.

शाळेतला मित्र शिरोलीच्या एका लहान फौंड्रीत सुपरवायझर आहे. त्याला म्हटलं भावा, हे बीड वितळवून मला बिडाचे तवे करून पाहिजेत. तो म्हणाला लोखंड घेऊन ये, काट्यावर घालू, तेवढ्या वजनाचे तवे घेऊन जा. पण ते तसं नकोय ना. पाचशे किलोच्या भट्टीत माझं साठ किलो गेलं की कुठलं चरकाचं आणि कुठलं दुसऱ्याचं, सगळं एकच रस. मला चरकाचाच तवा पाहिजे. तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला सॅम्पल काढायची शंभर किलोची लहान भट्टी आहे, शनिवारी शेवटी मोकळी असते, मालकांना विचारतो.

मालक हो म्हणाले. एकच अट, आधी तुकडा टेस्टला द्या, तव्यात माणसं जेवणार आहेत.

टेस्ट आजच झाली. कार्बन ३.४, सिलिकॉन १.७, फॉस्फरस ०.४ टक्के, शिसं नाही. तिथले मिस्त्रीमामा रिपोर्ट न बघताच म्हणाले जुनं बीड, फॉस्फरस असणारच. फॉस्फरस जास्त असलं की रस पातळ होतो, बारीक कोपऱ्यापर्यंत धावतो, पण ओतकाम ठिसूळ होतं. यंत्राच्या भागाला वाईट, पातळ तव्याला एका अर्थी सोयीचं, फक्त तवा आपटायचा नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

घण घालून चौकट फोडली. मी, आबा, चुलतभाऊ आळीपाळीने. आधीच्या तड्याच्या रेषेतच पाचर ठोकली. पहिला घाव आबांनी घातला, मी सांगितलं नव्हतं. ६२ किलोचे हाताएवढे तुकडे. जुना शेंदरी रंग होता काही ठिकाणी, जुन्या प्रायमरमध्ये खरा शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड असू शकतो, त्यामुळे तो भाग ग्राइंडरने घासला नाहीच, धूळ उडते ती. ते तुकडे बाजूलाच काढले, तव्यासाठी घेतलेच नाहीत. बाकीचे तारेच्या ब्रशने घासून आठवडाभर उन्हात वाळत टाकले. गंज तसाच भट्टीत गेला तर त्याचा बराचसा भाग मळ होऊन वर तरंगतो, लोखंड तेवढं कमी मिळतं.

८ फेब्रुवारी, शनिवार

ओतकाम झालं. हात अजून थरथरतायत, सलग लिहितो.

पॅटर्न (वाळूत ठसा घ्यायचा नमुना) म्हणून आजीचाच बिडाचा तवा नेला होता. मामांनी साच्याच्या पेटीत ठेवला, त्यावर वाळू चिकटू नये म्हणून पार्टिंग पावडर, मग काळी वाळू (बेंटोनाइट माती आणि कोळशाची पूड मिसळलेली, मुठीत दाबली की बोटांचे ठसे राहतात अशी), ठासली, पेटी उलटी केली, वरची पेटी, रस जायची वाट, हवा निघायला बारीक तारेने टोचे. तवा काढला तर वाळूत आजीच्या तव्याची कड जशीच्या तशी, एका बाजूला चेपलेली आहे ती पण. बीड थंड होताना साधारण एक टक्का आक्रसतं, म्हणजे आजीचा तवा ३० सेंटिमीटर तर हा ३ मिलिमीटरने लहान होणार. मामा म्हणाले पॅटर्न मोठा करून घेऊया का, मी नको म्हटलं. नातवाचा तवा आजीच्या तव्यात बसेल.

दहा पेट्या. तुकडे भट्टीच्या तोंडाशी आधी गरम करून मग आत. चाळीसेक मिनिटांत सगळा रस, वर आलेला मळ गजाने काढला. १३८० अंशाला पहिलं लेडल (रस ओतायचं भांडं) भरलं आणि तीन पेट्या ओतल्या. मामांनी शेजारी पाचरीच्या आकाराचा एक तुकडा पण ओतलेला, तो थंड करून फोडला आणि लगेच हात वर केला, थांबा. तुटलेल्या जागी टोकापासून बराच भाग पांढरा, चकचकीत. पातळ ओतकाम पटकन थंड झालं की कार्बनला ग्रॅफाइट होऊन वेगळं व्हायला सवडच मिळत नाही, तो लोखंडाशीच बांधलेला राहतो आणि बीड काचेसारखं कडक होतं. असा तवा शेगडीवर तडकतो. मग पुढच्या लेडलमध्ये ओतण्याच्या अगदी आधी फेरोसिलिकॉनचे (लोखंड-सिलिकॉनच्या मिश्रधातूचे) दाणे टाकले, परत पाचर ओतली, फोडली, आता करडी. हे सगळं पाच मिनिटांच्या आत, कारण रस थंड होत असतो. मामांचं वय साठच्या पुढे, कुठेही घाई दिसली नाही.

उरलेल्या सात पेट्या ओतल्या. रस जाताना वाळूच्या टोच्यांतून निळ्या ज्योती उठतात. आबा मागे उभे होते. म्हणाले, "आण्णांनी, तुझ्या आजोबांनी, हा चरक घेतला तेव्हा मी पाच वर्षांचा होतो, बैलगाडीतनं आणलेला."

संध्याकाळी पेट्या फोडल्या. पहिल्या तिघांच्या कडा पांढऱ्या निघाल्या, ते बाद, परत भट्टीत. सातातला एक अर्धवट भरलेला. सहा तवे चांगले, प्रत्येकी अडीच किलोच्या आसपास. वाट-बीट, मळ, बाद झालेले, सगळं धरून ६२ पैकी ५८ किलो लोखंड हिशोबाला लागलं. तव्यांना लागलं नाही ते तिथेच ठेवून आलो, त्यांच्या पुढच्या घाण्यात जाईल. मालकांनी फक्त विजेचे पैसे घेतले.

१६ फेब्रुवारी, रविवार

घासकाम. कडा ग्राइंडरने मारल्या, पृष्ठभाग मुद्दाम गुळगुळीत केला नाही, वाळूचा थोडा खरखरीतपणा तेल धरून ठेवतो. मग आईच्या पद्धतीने, धुऊन पाच दिवस रोज भाताच्या पेजेत बुडवून ठेवायचा, रोज नवी पेज. त्यानंतर मंद आचेवर तेल आणि अर्धा कांदा घेऊन पुन्हा पुन्हा घासायचं, कांदा काळा निघतो तोवर. आई म्हणाली घाई केलीस तर चिकटणार. सहा तवे म्हणजे पेज कमी पडली, शेजारच्या काकींकडूनही आणली.

२३ फेब्रुवारी, रविवार

पहिलं धिरडं चिकटलं. दुसरं पण थोडं. तिसरं उलथनं लावताच सुटलं, कडेने जाळी पडलेली, आणि चेपलेल्या कडेला पीठ थोडं जास्त साचतं तसंच आजीच्या तव्यावर साचायचं.

वाटप असं झालं : एक आमच्या घरात, एक आत्याला, एक चुलतभावाकडे, एक मिस्त्रीमामांना, एक भंगारवाल्या चाचांना कारण त्यांनी बुश वेगळे काढल्याचं मनापासून कौतुक केलं होतं, आणि एक आबांनी ठेवून घेतलाय, कुणासाठी ते सांगत नाहीत.

राहिलेलं काम : फ्लायव्हील मळीतून काढलंय पण रंगवायचंय. इंजिनाचा पिस्टन अजून अडकलेला, डिझेल आणि तेल घालून ठेवलंय, रोज एकदा लाकडाने हलकं ठोकायचं. काहील पलीकडच्या गावातले एक गुऱ्हाळवाले बघून गेले, तळ अजून जाड आहे म्हणाले, त्यांना तशीच वापरायला देणार. मळीचं काळं पाणी नारळाच्या बुडात ओतायचं, आणि पावसाळ्याआधी शेडातला गाळ पूर्ण काढून नांगर आत वरच्या तुळईला टांगायचा, ५५ फुटांच्या पाण्याची खूण भिंतीवर आहे, तिच्या वर.